मागच्या खोलीतला झरोका

लहानपणी मी कावळ्यांना दगड मारत असे. कारण सरळ होतं. दर महिन्याला आई चुलीपाशी दिसेनाशी व्हायची, मागच्या खोलीत चटईवर जाऊन बसायची, आणि मी गळ्यात पडायला धावले की ओरडायची, "शिवू नको, कावळा शिवलाय मला!" चार दिवस बाबा आम्हाला पिठलं-भात करून घालायचे. ज्यानं आईला शिवून माझ्यापासून तोडलं त्याला मी सोडणार नव्हते. परसातल्या शेवग्यावर येणारा प्रत्येक कावळा मला तोच वाटे.

पुढे कावळा म्हणजे काय ते कळलं. मग दगड नक्की कुणाला मारायचा, हा प्रश्न उभा राहिला.

माझे बाबा रत्नागिरीतल्या एका शाळेत मास्तर होते. आमच्या माळ्यावर दोन ट्रंका भरून पत्रकं होती. हुंडा, बुवाबाजी, जात, दारू, गावची विहीर. घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकं पुष्कळ, त्यामुळे मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच. त्यांच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवली, त्यांची कव्हरं वह्यांना घातली, आणि फार लहान वयात उद्गारचिन्हाच्या प्रेमात पडले. गावची विहीर सगळ्यांना खुली झाली पाहिजे, असं बाबा सभेत उभे राहून सांगायचे, आणि ते मनापासून सांगायचे. त्याच वेळी घरात मागची खोली होती. मी विचारलं की म्हणायचे, "घरातलं राज्य तुझ्या आईचं. तिथे माझं चालत नाही." चालवून बघितलंत का, असं विचारलं की पेपर उघडायचे.

दहावीच्या परीक्षेच्या वेळी मी जाहीर केलं की मी मागच्या खोलीत बसणार नाही. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिनं मला पाणी भरायला सांगितलं, आणि माझ्यापुरता प्रश्न मिटला. नंतर दादाचं लग्न झालं आणि मालगुंडहून वहिनी आली. दादा मुंबईला नोकरीला, एका खोलीत आणखी चौघांबरोबर राहणारा, तेव्हा वहिनी आमच्याकडेच राहिली. तिला मात्र सूट मिळाली नाही. आईचं म्हणणं साधं होतं: लेक उद्या दुसऱ्या घरी जाईल, तिथलं ती बघेल. सून या घरची आहे.

मागची खोली म्हणजे चिऱ्याच्या चार भिंती, एका कोपऱ्यात जळाऊ लाकडं, दुसऱ्या कोपऱ्यात नारळाच्या सोडणांचा, सोललेल्या सालींचा, ढीग, आणि वर, कौलांच्या खाली, एक चिरा गाळून ठेवलेला झरोका. लाकडांना वारा लागावा म्हणून तो ठेवलेला. माणसाला लागणारा वारा आणि उजेडही तिथूनच यायचा. बसलेल्या बाईनं कशालाही शिवायचं नाही, पण रिकामंही बसायचं नाही, म्हणून झावळ्या आत टाकलेल्या असत. पात्यांतले काडीसारखे हीर सोलायचे आणि खराटे बांधायचे. आमच्या घरात खराट्यांना कधी तोटा नव्हता.

त्या वर्षी मी अकरावीत होते. आळीत पहिला टीव्ही आला होता आणि संध्याकाळी सगळी आळी त्या घराच्या ओटीवर गोळा व्हायची. वहिनी बसलेली असली की तिला तेही बंद. चैत्रात एकदा ती अशी आत असताना मी एक पत्रक लिहिलं. मथळा होता, "शिवाशिव बंद करा!" खाली मुद्दे. कार्बन घालून तीन प्रती काढल्या. एक स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली, एक बाबांच्या टेबलावर ठेवली, आणि एक मागच्या खोलीच्या दाराखालून आत सरकवली.

संध्याकाळी वहिनीला ताट द्यायला गेले. ताट उंबऱ्यावर ठेवायचं, आपण मागे व्हायचं, मग तिनं उचलायचं. मी ते हातातच द्यायची आणि आई बघत असली की वहिनीच मागे सरायची.

"वाचलंस?" मी विचारलं.

"वाचलं हो. अक्षर छान आहे तुझं."

"अक्षराचं नाही विचारत. काय वाटलं?"

तिनं वर बोट दाखवलं. झरोक्यात एक साळुंकी बसली होती, पिवळ्या पायांची, चोचीत माझ्या पत्रकाचा एक तुकडा.

"दुपारी माझा डोळा लागला तर तिनं पळवलं. फाडून फाडून आत नेतेय. तिच्या उपयोगाचं होतं गो ते."

"आणि तुझ्या?"

वहिनीनं भाताचा घास घेतला. मग म्हणाली, "रागावू नको. पण हे चार दिवस मी पाठ टेकते. बाकी महिनाभर कुणी टेकू देतं का सांग."

 पाठ टेकायला बाईला अस्पृश्य व्हावं लागतं, हा मुद्दा माझ्या पत्रकात नव्हता. पुढच्या आवृत्तीत घालायचं ठरवलं आणि रागारागानं ताट घेऊन आले.

त्या चार दिवसांत साळुंक्यांची जोडी झरोक्यात काड्या, केस, चिंध्या, प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे भरत राहिली. न्हाऊन वहिनी घरात आली आणि कामाला लागली. मग झरोक्याकडे मान वर करून बघायलाही तिला सवड नव्हती. मी कधी सांगायची, "वहिनी, आत काहीतरी चिवचिवतंय." ती पाट्यावर वाटता वाटता विचारायची, "किती आवाज आहेत?" मला ते ओळखता येत नसे. पुढच्या महिन्यात ती पुन्हा बसली तेव्हा पिल्लं झाली होती. घर बांधताना बघितलेलं, मधलं सगळं हुकलेलं, आणि आता एकदम तीन उघड्या चोची. मालगुंडला तिचं माहेरचं घर माणसांनी भरलेलं, इथे नवरा मुंबईत आणि खोलीत भिंती. ती त्यांच्याशी बोलायची. मी परसातून ऐकलेलं आहे. "तू मघाशी खाल्लंस ना? मग आता त्याची पाळी. मेली हावरट!"

एका दुपारी तिची हाक आली. मी धावले. एक पिल्लू झरोक्यातून सोडणांच्या ढिगावर पडलं होतं. अंगावर धड पिसं नाहीत, डोकं देहापेक्षा मोठं, चोच उघडून गप्प. वहिनी त्याच्यावर वाकून हात पुढे करत होती.

मी किंचाळले, "हात लावू नकोस! बाटतं ते! माणूस शिवला की त्यांना विटाळ होतो, मग आई पिल्लाला जवळ घेत नाही!"

वहिनीचा हात तसाच राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं. मग तिला हसू फुटलं, आणि ते इतकं वाढलं की ती लाकडांना धरून खाली बसली.

"अगो, कोण बोलतंय हे? कुठल्या ट्रंकेतलं पत्रक हे?"

"हसू नको वहिनी. हे खरंच असतं. सगळे सांगतात. ते शास्त्र आहे."

"तुझी आईपण तेच म्हणते. शास्त्र आहे."

 पिल्लाची मान कलंडायला लागली.

"मला कावळा शिवलाय," वहिनी म्हणाली, "त्याला मी शिवते. दोघंही बाटलेली, आता आणखी काय बाटायचंय?" आणि तिनं ते दोन्ही तळव्यांत उचललं, लाकडांच्या रचलेल्या थरावर पाय देऊन चढली, नि हात लांब करून झरोक्यात ठेवलं. लाकडं डुगडुगली. मी खालून तिचे पाय धरले. चार दिवसांत तिला कुणी असं घट्ट धरलेलं नसेल. त्या वेळी आमच्या दोघींच्याही ते लक्षात आलं नाही.

मग आम्ही दाराआड उभ्या राहिलो. साळुंकी चोचीत नाकतोडा घेऊन आली. झरोक्याच्या कडेवर बसली, मान वाकडी केली, पुन्हा सरळ केली. आत गेली नाही. उडून शेवग्यावर गेली. वहिनीनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. साळुंकी परत आली, इकडेतिकडे बघितलं, आत शिरली, आणि एकच गलका उठला. तिन्ही चोची वर. शिवलेली कुठली आणि सोवळी कुठली, काही कळत नव्हतं.

"नाही गो हिला विटाळबिटाळ," वहिनी पुटपुटली. एवढंच. ती परत चटईवर जाऊन हीर सोलायला बसली, पण बराच वेळ तिच्या हातात एकच हीर होता.

गलका मात्र आईनंही ऐकला. ती दाराशी आली, वर बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला.

आईबद्दल इथे सरळ सांगायला हवं. पत्रकातली सासू ती नव्हती. तिला भीती वाटली होती आणि भीती खरी होती. पिल्लं झाली की जनावर येतं. आमच्याकडे दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नाहीत, आई तर दुपारीही म्हणत नसे. आदल्या वर्षी शेजारच्या घरात कौलांतून धामण उतरली होती, चिमणीच्या घरट्यावर.

"आणि ही खाली जमिनीवर झोपते," आई म्हणाली. "उद्या काही झालं तर मालगुंडला हिच्या आईवडलांना मी काय तोंड दाखवू?"

"धामण बिनविषारी असते," मी म्हटलं.

"तुझ्या पत्रकात असेल. अंधारात अंगावर पडली की विषारी का बिनविषारी, विचारत बसतेस का तिला?"

तिनं ठरवून टाकलं. सुताराला बोलवायचं, घरटं काढायचं, झरोक्याला तारेची जाळी ठोकायची. थोडं थांबू, असं म्हणायची सोय नव्हती. मिरगाआधी सगळ्या गावाला सुतार हवा असतो. कुणाची झडपं, कुणाचे वासे. एकदा पाऊस लागला की तो गणपतीपर्यंत मिळायचा नाही. आईनं त्याला निरोपावर निरोप पाठवले तेव्हा कुठे त्यानं एक सकाळ कबूल केली.

वहिनी न्हाऊन घरात आली होती. सासूसमोर ती काही बोलली नाही. विहिरीवर मला म्हणाली, "तू बोल ना गो आईंशी. पंख फुटेपर्यंत थांबा म्हणावं. तुझं ऐकतात."

मी बोलले. मोठ्यानं बोलले. बाबा म्हणाले, "दोन्ही बाजूंत तथ्य आहे," आणि पेपर उघडला. मी रात्री पत्रक लिहिलं, "निष्पाप पिल्लांना बेघर करू नका!" आणि ते स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं. सकाळी आईनं ते बंब पेटवायला घेतलं. चिडून नव्हे. कागद दिसला, घेतला.

कबूल केलेल्या सकाळी सुतार आला. खांद्यावर पिशवी, हातात जाळीची गुंडाळी. आईनं मला लाकडं बाजूला करायला सांगितलं, म्हणजे शिडी लावता येईल. मी हलले नाही. आई स्वतःच निघाली. वहिनी हौदापाशी भांडी घासत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं, राखेचे हात धुतले, उभी राहिली, आणि चार पावलं मागे सरून खालमानेनं म्हणाली,

"आई, मी बाजूला झाले."

"काय?" आई थबकली. "अगो, आत्ता तर न्हायलीस! महिना कुठे झालाय?"

"काय करू? झालं खरं."

आणि ती कोपऱ्यातली चटई उचलून सरळ मागच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं.

सुतार माडाच्या शेंड्याकडे बघायला लागला होता. या बाबतीत आमच्याकडच्या पुरुषांना समजावून सांगावं लागत नाही. "बरं मग काकी," तो म्हणाला, "मी हातखंब्याला जाऊन तिथलं काम उरकून घेतो. तुमचं मोकळं झालं की निरोप द्या." जाळीची गुंडाळी पडवीत ठेवून तो गेला. बाई बसलेल्या खोलीत परका पुरुष पाय टाकणार नाही, हे वहिनीला माहीत होतं. आईही त्याला टाकायला सांगणार नाही.

मी ताट घेऊन गेले तेव्हा वहिनी भिंतीला टेकून वर बघत होती. माझी चाहूल लागल्यावर तिनं ओठांवर बोट ठेवलं. "झोपलीत."

मला समजायला एवढं पुरलं. आणि राग आला, खरोखरचा राग. "तू खोटं बोललीस. आणि खोटं बोलायला तुला हेच सापडलं? ज्या गोष्टीला मूठमाती द्यायची, तिच्याच आडोशाला जाऊन बसलीस?"

वहिनी शांतपणे म्हणाली, "तुझं पत्रक दारावरून काढता आलं. मला काढा म्हणावं आता."

दुसरीकडे आई हवालदिल झाली होती. इतक्या लवकर पुन्हा, म्हणजे अंगात काही दुखणं असणार. तिनं शेजारणीला विचारलं, कुठल्याशा साली उकळून काढा केला, डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं बाबांना बजावलं. तो काढा इतका कडू होता की नुसत्या वासानं तोंड वाकडं व्हायचं. वहिनी दोन वेळा नाक दाबून प्यायची. लबाडीची शिक्षा तिला वाटीतून मिळत होती, आणि आईच्या काळजीनं ती खरोखर ओशाळली होती. "सांगून टाकू का गो?" एकदा तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "पिल्लांना विचार." त्यांचे पंख आता काळेभोर झाले होते. दोघं झरोक्याच्या कडेवर येऊन फडफडायची. तिसरं, बहुतेक तेच पडलेलं, आतून नुसतं ओरडायचं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई स्वतः वाटी घेऊन आली. मी परसात कपडे काढत होते. आईनं वाटी उंबऱ्यावर ठेवली, पण ती परत फिरली नाही. बाहेरच्या बाजूला उभी राहिली आणि वर बघत राहिली. साळुंकी आली, भरवून गेली. दुसरी आली. आई बघतच होती. आत वहिनी उठून उभी राहिली होती.

"तुझं न्हाणं कधी ते मला कळतं," आई म्हणाली. आवाज नेहमीचा, डाळ निवडताना असतो तसा. "त्यांचं कधी?"

वहिनीनं झरोक्याकडे बघितलं.

"विचारते तुला. त्यांचं न्हाणं कधी?"

"पंख फुटलेत आई," वहिनी कशीबशी म्हणाली. "दोघांचे. धाकटं तेवढं राहिलंय."

"हं." आई वळली. मग पुन्हा थांबली. "काढा पिऊन टाक. केलाय तर वाया कशाला?"

वहिनी हसतेय की रडतेय ते मला कळलं नाही. तिनं काढा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. त्या रात्रीपासून आईनं आपली वळकटी मागच्या खोलीच्या दाराबाहेर पसरली. उशाशी कंदील, हाताशी काठी. बाबा म्हणाले, "मी झोपतो तिथे." आई म्हणाली, "तुम्ही पेपर वाचा." जनावराची भीती तिची गेली नव्हती. भीतीला घेऊन ती पहाऱ्याला बसली होती, इतकंच.

चौथा दिवस उलटला तरी वहिनी न्हायली नाही, आणि आईनं विचारलं नाही. दोन पिल्लं गेली. एकापाठोपाठ एक, पहिल्या उडीत शेवग्यावर, दुसऱ्या उडीत शेजारच्या कुंपणापलीकडे. धाकटं कडेवर बसून राहिलं. मोठी साळुंकी समोर किडा घेऊन बसायची आणि त्याला द्यायची नाही, नुसती दाखवायची. धाकटं शिव्या दिल्यासारखं ओरडायचं. सकाळभर हे चाललं. आम्ही तिघी परसात, आपापल्या अंतरावर उभ्या: आई हौदापाशी, मी दोरीपाशी, वहिनी उंबऱ्याच्या आत. मग ते उडालं म्हणण्यापेक्षा पडलं, पडता पडता पंख उघडले, आणि फांदीला लोंबकळत कसंबसं वर चढून बसलं.

"न्हायलं गो शेवटचं!" वहिनी ओरडली.

आई म्हणाली, "बंबात पाणी तापलंय. तूही न्हा आता. आणि सुताराला निरोप दे कुणीतरी."

सुतारानं घरटं काढलं तेव्हा आतून काड्यांबरोबर सापाच्या कातेचा एक लांबलचक तुकडा निघाला. साळुंक्या कात आणून घरट्यात घालतात, असं तो म्हणाला. आईनं माझ्याकडे बघितलं, "बघितलंस? जनावर!" माझ्या पत्रकाचेही तुकडे होते, घाणीत बरबटलेले. वाचता येण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. जाळी चोख बसली. पाऊस लागला.

मिरग होऊन गेल्यावर वहिनी पुन्हा बसली, या वेळी खरोखरची. ती चटई घेऊन मागच्या खोलीकडे निघाली. जाळीमुळे खोलीत उजेड आणखी कमी झाला होता आणि ओल्या सोडणांचा कुबट वास सुटला होता. मी तोंड उघडणार, एवढ्यात चुलीपुढून आईची हाक आली.

"तिथे कशाला जातेस?"

वहिनी थांबली.

"तिथे आता कोण आहे तुझ्या सोबतीला? पडवीत बस."

पडवी म्हणजे घराचा रस्ता. येणारा-जाणारा तिथूनच आत येतो. वहिनीनं चटई पडवीच्या कोपऱ्यात टाकली. शिवायचं नव्हतंच, ताटही अजून सरकवूनच येणार होतं, मला त्याचा संताप येतच होता आणि आजही येतो. पण तिथून स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकू यायचं, आणि वहिनीला त्यात तोंड घालता यायचं. दुपारी आई पापडाच्या डब्यांना उन्हाची तिरीप दाखवायला बाहेर आली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर टेकली. अंगणात ओल्या मातीत चार-पाच साळुंक्या किडे वेचत होत्या.

"त्यातलं धाकटं कुठलं गो?" आईनं विचारलं.

"ते काय, सगळ्यांत जास्त ओरडतंय ते."

"अजून बारीकच राहिलंय," आई म्हणाली, आणि उठून शिळ्या भाताची मूठ आणायला आत गेली.